मेश्राम आणि सुसाट तबकडी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मनोहर मेश्राम हा इसम सिंगापुरात अनेक वर्षं राहिला, परंतु त्या संपूर्ण काळात तो एकदाही धावला नाही. एमआरटीची, म्हणजे तिथल्या मेट्रोची, दारं मिटायला लागली तेव्हा धावला नाही, आभाळ फुटल्यासारखा पाऊस कोसळला तेव्हा धावला नाही, ऑफिसात आगीची खोटी घंटा वाजली तेव्हा धावला नाही, आणि कंपनीच्या वार्षिक जेवणात बुफेची झाकणं उघडली तेव्हाही धावला नाही. शेवटच्या बाबीला मी स्वतः साक्षीदार आहे, कारण मी त्या वेळी त्याच्या पुढून धावत गेले होते. कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी. मी ती वाचणार नाही.

यातली गंमत अशी, की या माणसाचा पोटापाण्याचा धंदाच वेगाचा होता. दोन हजारच्या दशकात वन-नॉर्थच्या बाजूला हार्ड डिस्क बनवणाऱ्या एका कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे मेश्राम तबकडी फिरवणाऱ्या मोटारीचे मुख्य इंजिनिअर होते. हार्ड डिस्कच्या पोटात एक चकचकीत तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरते, आणि तिच्यावर वाचणारं-लिहिणारं हेड हवेच्या एका पातळ थरावर तरंगत असतं. धुळीचा कण त्या फटीपुढे डोंगर. तबकडी फार हळू फिरली तर हेड खाली बसून ती खरवडणार. फार जोरात फिरली तर हेड वर उचललं जाऊन त्याला नीट वाचताच येणार नाही. म्हणून वेग अगदी ठरला तेवढाच ठेवायचा, आणि तो ठेवणं हे मेश्रामांचं काम. मी शेजारच्या खोलीत, त्या तबकडीवरची अक्षरं वाचणारे प्रोग्रॅम लिहायचे. मी माहीमची, ते नागपूरचे. माझ्या बोलण्याचा वेग ऐकून ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, तुमची मोटार बिना लगामाची दिसून राहिली."

"वेग वाढवणं काय, कोणालाही जमते. धरून ठेवायला अक्कल लागते," हे त्यांचं घोषवाक्य. ते नव्या इंजिनिअरला ऐकवत, टॅक्सीवाल्याला ऐकवत, आणि मी ऑफिसच्या कँटीनमध्ये लक्साच्या रश्शातल्या शेवया भरभर ओढायला लागले की मलाही ऐकवत. स्वतः मात्र जेवताना प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवत. त्यांच्याबरोबर जेवायला बसलं की आपण दोनदा जेवलो असं वाटायचं.

अंगाने उंच, काळेसावळे, केस तेल लावून मागे वळवलेले, खिशात कायम एक पांढऱ्या रंगाची छोटी बाटली. नेलपॉलिशची. एकदा बुओना व्हिस्टाच्या बसथांब्यावर रुमाल काढताना ती बाटली खाली पडली आणि घरंगळत एका चिनी आजीबाईंच्या पायाशी गेली. आजीबाईंनी ती उचलली, मेश्रामांच्या नखांकडे पाहिलं आणि समजूतदारपणे परत दिली. मेश्रामांनी गंभीरपणे "थँक्यू, आंटी" म्हटलं. खुलासा वगैरे काही नाही. मी विचारल्यावर सांगितलं, की फिरणाऱ्या कुठल्याही चाकावर आधी पांढरा ठिपका लावायचा. मग लुकलुकणारा दिवा त्याच्यावर धरायचा. दिव्याची उघडझाप आणि चाकाची फेरी जुळली, की तो ठिपका जागच्या जागी उभा राहिलेला दिसतो. दिव्याचा आकडा वाचायचा, झाला वेग कळून. "चाक पळून राहिलं आणि ठिपका उभा," ते खूश होऊन म्हणाले, "माणसाला असं जमलं तर काय पाह्यजे?"

त्यांच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये जुन्या हार्ड डिस्कचा एक वृद्धाश्रम होता. पुठ्ठ्याच्या खोक्याएवढ्या, विटेएवढ्या, काही तर दोघांनी उचलाव्या लागतील अशा. कुठल्या तरी बंद पडलेल्या कंपनीच्या गोदामातून, भंगारवाल्याकडून, सुंगई रोडच्या जुन्या बाजारातून आणलेल्या. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात बुद्धाची शांत मूर्ती, आणि तिच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात हा गोंगाट. सुनंदावहिनी आल्यागेल्याला सांगत, "आमच्याकडे शांती पण आहे आणि तिची परीक्षा पण आहे." एखादी जुनी डिस्क सुरू केली की पंखा, गिरणी आणि विमान यांच्या मधला आवाज निघायचा, आणि आतल्या खोलीतून त्यांची मुलगी पल्लवी सिंगापुरी हेल काढून ओरडायची, "पा! नेबर कम्प्लेन करेल, लाह!"

"कंप्लेन नाही करत बेटा. काल ते स्वतः बघायला आले होते."

"बिकॉज दे थॉट की आपलं वॉशिंग मशीन फुटतंय, पा!"

वेग धरून ठेवायचं हे वेड केवळ मोटारींपुरतं नव्हतं. चौदा एप्रिलच्या जयंतीला आम्ही मराठी मंडळी एका कॉन्डोच्या हॉलमध्ये जमायचो. विदर्भातली, मराठवाड्यातली बरीच बौद्ध कुटुंबं, आणि माझ्यासारखे इतर. सुरुवातीला बुद्धवंदना. ती छान संथ लयीत सुरू व्हायची. पण मागच्या टेबलावर वहिनींच्या वडाभाताचं झाकण कोणीतरी सरकवायचं, वास पुढे यायचा, आणि वंदना हळूहळू दुडक्या चालीने निघायची. तिसऱ्या सरणापर्यंत तर सगळे उताराला लागलेले. अशा वेळी पहिल्या रांगेत बसलेले मेश्राम काही बोलायचे नाहीत, मागे वळून बघायचेही नाहीत. फक्त त्यांचा खर्जातला आवाज प्रत्येक शब्दाच्या शेवटी किंचित रेंगाळायचा. एकच माणूस, पण असा जड, की शंभर भुकेल्या माणसांना त्याच्यासाठी थांबावं लागायचं. दोन ओळींत सगळी सभा मूळ लयीवर. मी नंतर म्हटलं, "मेश्राम, तुम्ही ब्रेक लावलात."

"ब्रेक नाही, ताई. ब्रेक लावला की राग येते. मी फक्त थोडा उशिरा पोचलो."

आता आमचे साहेब. मिस्टर टिओ. गोल, टापटीप, घड्याळाकडे बघत बोलणारे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांचा एकच प्रश्न असे: "कॅन ऑर नॉट?" एकदा प्रयोगशाळेत एक मोटार अचानक सुसाट सुटली. किंचाळत किंचाळत एवढी वर गेली की आम्ही सगळे टेबलांमागे. मेश्राम चालत गेले, स्विच बंद केला, चालत आले. कारण निघालं एक सुटलेली तार. टिओसाहेबांना हे काही केल्या पटेना. तार सुटली तर मोटार थांबायला हवी. जोरात कशी पळेल?

"सर, समजावून सांगतो. पण तुम्हाला पळावं लागेल."

आणि त्यांनी खरोखर टिओसाहेबांच्या डोळ्यांना त्यांचाच रुमाल बांधला. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. टिओसाहेबांनी मधल्या टेबलाला हात लावत फेऱ्या मारायच्या, आणि प्रत्येक फेरीला "राउंड!" असं ओरडायचं. मेश्रामांना दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं. हाक उशिरा आली तर ते म्हणणार "फास्टर", लवकर आली तर "स्लोअर". पाच-सहा फेऱ्यांत साहेबांची चाल अशी एकसारखी झाली की घड्याळ लावून घ्यावं.

मग मेश्राम म्हणाले, "सर, आता ओरडू नका. फक्त फिरा."

साहेब मुकाट्याने फिरू लागले. भिंतीकडे तोंड केलेल्या मेश्रामांना काहीच ऐकू येईना. "फास्टर!" साहेब जोरात निघाले. तरी हाक नाही. "फास्टर! फास्टर!" साहेब धावायला लागले. टाय खांद्यावर, एक हात टेबलाला, दुसरा हवेत. "फास्टर, सर! यू हॅव स्टॉप्ड ऑर व्हॉट? फास्टर!"

नेमकं त्याच क्षणी दार उघडलं आणि अमेरिकेहून आलेले तीन पाहुणे आत आले. प्रयोगशाळेचे प्रमुख डोळ्यांवर पट्टी बांधून टेबलाभोवती धावताहेत, आणि एक नागपूरकर भिंतीला तोंड लावून त्यांना आणखी पळवतोय, असं ते दृश्य. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. मी त्या दिवशी सँडल घातल्या होत्या.

धापा टाकत, रुमाल वर करून, पाहुण्यांकडे न बघता टिओसाहेब म्हणाले, "ओके, मेश. आय अंडरस्टँड. मोटार वेडी नाही. तिची खबर देणारा गप्प झाला, आणि हुकूम देणाऱ्याला वाटलं ती थांबलीय."

"करेक्ट, सर. म्हणून आधी वेग मोजायचा. मोजल्याशिवाय हुकूम देईल तो पस्तावेल."

हे वाक्य लक्षात ठेवा असं मी सांगणार नाही. टिओसाहेबांनी मात्र ते जपून ठेवलं.

हौगांगला मेश्रामांच्याच ब्लॉकखाली आंटी ह्वाचं भरतकामाचं दुकान होतं. देवळांना लागणारे लाल रेशमी पडदे, वेदीपुढची झालर, मिरवणुकीचे ध्वज, त्यांच्यावर सोनेरी ड्रॅगन आणि फिनिक्स. आंटी सत्तरीची, लहानखुरी, कात्रीसारख्या जिभेची. तिचं इंग्रजी म्हणजे निम्मी होक्कियेन ही चिनी बोली, त्यामुळे मी ते इथे माझ्या मराठीत देते आहे. जीभ मात्र तिचीच आहे. भरतकामाचं यंत्र चालायचं एका पुराण्या अमेरिकन कॉम्प्युटरवर. तो तिच्या नवऱ्याने कधी काळी जुना म्हणून विकत घेतला होता, आणि त्यावर एकेक टाका स्वतः मांडून सगळे ड्रॅगन तयार केले होते. त्याला जाऊन काही वर्षं झाली होती. ड्रॅगन त्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये होते. आणि एक दिवस कॉम्प्युटरमधून धूर निघाला.

त्याच आठवड्यात देवळाच्या मंडळींनी तिला मोठं काम देऊ केलं होतं. वेदीची जुनी झालर कसरीने खाल्लेली, तशीच हुबेहूब नवी हवी होती. जुनी तिच्या नवऱ्यानेच केलेली. सोमवारी नमुना दाखवायचा, नाहीतर काम जोहोरच्या एका मोठ्या कारखान्याला जाणार होतं. नव्याने तो ड्रॅगन मांडायला काही महिने लागले असते, आणि मांडणारा आता नव्हता. आंटीने मेश्रामांना स्वच्छ सांगितलं, "ड्रॅगन मिळाले तर दुकान. नाही मिळाले तर शटर ओढून मी बहिणीकडे पेनांगला. तिथे जाऊन तिच्या सुनेच्या हातचं जेवायचं. तूच बघ बाबा."

"सुनेचा स्वयंपाक कसा आहे?" मेश्रामांनी विचारलं.

"म्हणून तर तुझ्याकडे आले ना!"

मेश्रामांनी ती डिस्क बाहेर काढली तेव्हा त्यांचा चेहरा जावयाला पाहिल्यासारखा झाला. जाडजूड, पोळपाटाएवढी, आणि आत आजच्यासारखी नाजूक इलेक्ट्रॉनिक मोटार नाही, तर थेट भिंतीतल्या विजेवर फिरणारी दणकट मोटार, आणि तिच्यापासून तबकडीपर्यंत पिठाच्या गिरणीसारखा पट्टा. कॉम्प्युटर जळला होता, पण डिस्क शाबूत दिसत होती. ती फिरवायची ते मेश्राम बघणार होते. फिरल्यावर तिच्यातलं सगळं माझ्या लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायला मी एक छोटं कार्ड जुळवलं होतं. टिओसाहेबांनी प्रयोगशाळा वापरायला एक शनिवार दिला. "वन सॅटर्डे ओन्ली, मेश. कॅन ऑर नॉट?"

"कॅन, सर."

शनिवारी सकाळी आंटी नटूनथटून प्रयोगशाळेत आली, हातात बार्लीच्या पाण्याचा थर्मास. साहेबही आले, केवळ देखरेखीसाठी असं म्हणत, हाफ पँटमध्ये. मेश्रामांनी डिस्क पुसली, पट्टा तपासला, लिहिण्याची तार आधीच काढून बाजूला ठेवली. जुनी डिस्क चुकीच्या वेगात असताना चुकून जरी काही लिहून बसली, तर अक्षरं ताणली जाऊन शेजारच्यांच्या अंगावर सांडतात, आणि मग ड्रॅगनच्या शेपटीवर फिनिक्सचं डोकं. मग मोटारीवरची पितळी पट्टी त्यांनी मोठ्याने वाचली: अमेरिकन वीज, एकशे पंधरा व्होल्ट, साठ हेलकाव्यांची.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपली आणि सिंगापूरची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, अमेरिकेतली साठ. अशी मोटार विजेच्या हेलकाव्यांच्या तालावरच फिरते. साध्या घरात ती हळू फिरली असती. पण आमची प्रयोगशाळा कशी! अमेरिकेला जाणारा माल तपासायला आमच्याकडे खास अमेरिकन वीज देणारं टेबल होतं. मेश्रामांनी पाहुण्याला पाटावर बसवावं तशी ती डिस्क त्या टेबलावर मांडली. "माहेरची वीज मिळते तिला," म्हणाले, आणि स्विच दाबला. पहिलं अर्धं मिनिट हात स्विचवरच ठेवायचा, हा त्यांचा नियम.

मोटार घुमली, पट्टा सळसळला, आवाज चढत गेला, चढत गेला. आम्ही सगळे पुढच्या छोट्या दिव्याकडे बघत होतो. वेग जमला की तो हिरवा होतो आणि डिस्क म्हणते, या, वाचा. दिवा लालच राहिला. मेश्रामांनी बंद केलं, थांबले, पुन्हा लावलं. लाल. जोडण्या तपासल्या, पुन्हा लावलं. लाल. त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि त्या खोलीचा एसी असा होता की मी स्वेटर घालून बसायचे.

"गेली वाटते," ते हळूच म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. कुठल्याही भंगाराकडे बघून ते "चालते, चालते" म्हणायचे.

आंटीने थर्मासचं झाकण लावलं. "असू दे, लाह. जुनी झाली होती. तो पण जुना झाला होता." आणि पर्स खांद्याला अडकवून उठली. पेनांगची सून तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायला लागली.

तेवढ्यात मागून, हाफ पँटमधून, अतिशय गोड आवाजात टिओसाहेब म्हणाले, "मेश. स्पीड मोजलास?"

मेश्राम डिस्क सोडून साहेबांकडे वळले.

"सर... अमेरिकन डिस्क, अमेरिकन वीज... त्यात मोजायचं काय?"

"म्हणजे नाही मोजलास." साहेबांनी खिशातून रुमाल काढला, नीट घडी घातली आणि मेश्रामांपुढे धरला. "बांधू डोळ्यांना? कॅन ऑर नॉट?"

मी इतकी हसले की आंटी परत खाली बसली, बहुतेक मला पाणी द्यायला. मेश्रामांनी खिशातून पांढरी बाटली काढली. तबकडीच्या पुलीवर, म्हणजे पट्टा फिरवतो त्या चाकावर, ठिपका लावला, वाळेपर्यंत फुंकर घातली, लुकलुकता दिवा धरला आणि डिस्क सुरू केली. योग्य वेगाचा आकडा दिव्यावर लावला होता. ठिपका उभा राहायला हवा होता. तो उभा तर राहिला नाहीच, पुढेपुढे पळत सुटला. त्यांनी दिव्याचा वेग वाढवला, आणखी वाढवला, तेव्हा कुठे ठिपका थांबला. आकडा वाचला आणि स्विच बंद करून ते खुर्चीवर बसले.

"ताई, ही पाचाच्या जागी सहा फेऱ्या मारून राहिली."

मग त्यांनी मोटारीवरची पुली बोटांनी चाचपली आणि एकदम आंटीकडे वळले. "आंटी, ही पुली कोणी बदलली?"

"पुली म्हणजे ते चाक? माझ्या नवऱ्याने. पहिल्या वर्षी म्हणाला, हे अमेरिकन यंत्र इथे फार आळशी चालतं. मग लेथवाल्याकडून मोठं चाक करून आणलं. मी म्हटलं, उगाच खर्च."

मेश्राम उभे राहिले. आंटीला त्यांनी नमस्कार केला तो बहुधा तिच्या नवऱ्याला होता. सगळं उघड झालं होतं. त्या माणसाने सिंगापूरच्या संथ विजेसाठी पुली मोठी केली होती, म्हणजे तबकडी बरोबर वेगात फिरावी. आम्ही पितळी पट्टीचा मान राखून ती अमेरिकन विजेला जोडली, आणि मोठी पुली नि जलद मोटार दोन्ही एकत्र आल्यावर तबकडी सुसाट सुटली. एखाद्या अडाण्याने ती भिंतीतल्या साध्या विजेला व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून जोडली असती, तर पहिल्या मिनिटाला चालली असती. आम्ही आदरातिथ्य करायला गेलो.

"पण मग दिवा लाल का?" मी विचारलं.

"तेच तर!" मेश्रामांचा आवाज परत आला होता, आणि टाळी द्यायला त्यांनी हात पुढे केला होता. "ही बंद नाही पडली, ताई. ही नकार देऊन राहिली! हिच्यात वेगाची खबर देणारा शाबूत आहे. ती सांगून राहिली, मी फार जोरात आहे, मला हात लावू नका. इतक्या वर्षांची म्हातारी, तीन वेळा आपण तिला चुकीचं पळवलं, तीन वेळा ती नाही म्हणाली. आणि मी तिला मेली म्हणून बसलो होतो."

टिओसाहेबांनी रुमाल परत खिशात ठेवला. मला वाटतं त्यांना थोडं वाईट वाटलं, वापरायला मिळाला नाही म्हणून.

मी म्हटलं, खाली स्टोअरमध्ये ट्रान्सफॉर्मर असेल, आणते. मेश्राम म्हणाले, नको. आता आणखी शहाणपण नको. ती ज्या जागी, ज्या प्लगवर, ज्या ट्रान्सफॉर्मरवर चालत होती, तिथेच चालवू. म्हणून आम्ही टॅक्सीने हौगांगला निघालो. पुढे आंटी, मागे मी आणि मेश्राम, आणि आमच्या मध्ये डिस्क, तिला सीटबेल्ट लावलेला. टॅक्सीवाले अंकल हायवेवर जरा उत्साहात आले, तेव्हा मेश्राम म्हणाले, "अंकल, स्लो लाह. पेशंट आहे." अंकलनी आरशातून मागे पाहिलं. मला वाटतं त्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

आंटीच्या दुकानात टेबलाखाली तो जुना ट्रान्सफॉर्मर होता, धूळ खात, विटेसारखा जड. मेश्रामांनी डिस्क जोडली, ठिपक्यावर दिवा धरला, दुसरा हात स्विचवर. आवाज चढला आणि एका ठिकाणी येऊन स्थिरावला. सकाळपेक्षा जाड, समाधानी आवाज. ठिपका डुगडुगला, मागे सरकला, पुढे आला, आणि उभा राहिला. दिवा हिरवा झाला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आंटी म्हणाली, "मग आता चहा घेणार की नुसतं बघणार?" पण चहा करायला ती काही उठली नाही.

माझ्या लॅपटॉपवर ओळींमागून ओळी उतरत गेल्या. जिथे वाचायला अडलं तिथे मेश्राम म्हणत, "घाई नको, पुन्हा विचारा तिला," आणि तिसऱ्या-चौथ्यांदा ती देऊन टाकायची. दुपारपर्यंत सगळं उतरलं. ड्रॅगन, फिनिक्स, ढग, लाटा, सगळं. आंटीच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून भरतकामाचं नवं यंत्र नमुन्यापुरतं मागून आणलं होतं. टाक्यांची मांडणी त्याला समजेल अशी करायला मला रविवारची सकाळ लागली.

पुढच्या महिन्यात मेश्राम नागपूरला परतले, तिथल्या एका कॉलेजात शिकवायला. नंतर फोनवर आमचं पुष्कळदा बोलणं झालं, पण डोळ्यांसमोर येतात ते त्या रविवारचे. भरतकामाच्या यंत्रापुढे वाकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. लाल रेशीम ताणून बसवलेलं, सुई सोनेरी धागा घेऊन टकटकत होती, आणि खालून वर एक ड्रॅगन उमटत होता: आधी शेपटी, मग खवले, मग पंजा. सुनंदावहिनी आल्या होत्या, पल्लवी कानातलं संगीत काढून बघत होती. आंटी दोन्ही हात तोंडावर धरून उभी. मिशा उमटल्या, नाक उमटलं. सुई डोळ्यापाशी आली, गोल फिरली, दुसऱ्या डोळ्यापाशी गेली, आणि यंत्र थांबलं.  मेश्रामांनी धागा कापला, कापड चौकटीतून सोडवलं आणि दोन्ही हातांनी आंटीपुढे धरलं. तिने ते उजेडाकडे नेलं, पाहिलं, जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"आयो, डोळा अजून तिरळाच! तेव्हाच सांगितलं होतं त्याला, नीट कर म्हणून. ऐकेल तर शपथ, लाह!"